उभं राहण्याचा भत्ता

ती. आक्का,

धाकट्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? दाजींचा खोकला गेला की नुसता डॉक्टर बदलला? (त्या डॉक्टरचा मला पहिल्यापासून संशय आहे.)

आईचा हुकूम मिळाला. आम्हा नवरा-बायकोत ज्याचा पगार कमी, त्यानं गावी येऊन घर सांभाळायचं. म्हणजे माझ्या बायकोनंच, हे उघड आहे. ती तेव्हापासून माझ्याशी मोजकंच बोलते. आम्ही शेजारशेजारच्या मशिनींवर एकसारख्याच पिशव्या शिवतो, तरी माझा पगार जास्त. का, ते इतकी वर्षं कुणी विचारलं नाही. आता पिशव्या परदेशी जायला लागल्या आणि तिकडची एक मॅडम तपासणीला येऊन नेमकं तेच विचारून गेली. परत येते म्हणाली.

मालकानं लगेच आम्हा पुरुषांची स्टुलं उचलली, मशिनींखाली विटा लावल्या आणि जाहीर केलं, की पुरुषांचं काम उभ्याचं, बायकांचं बसून. जास्तीचे पैसे म्हणजे उभं राहण्याचा भत्ता. आक्का, ज्या माणसानं जन्मात पंखा दुरुस्त केला नाही, तो भत्ता देतो? मला तिथंच वास आला. आधी आमचे पाय सुजवणार, मग भत्ता काढून घेणार. बाकीचे मुकाट उभे राहिले.

तेवढ्यात माझी बायको उठली. स्टूल पायानं माझ्याकडे ढकललं, माझ्या मशिनीखालच्या विटा काढून आपल्या मशिनीखाली घातल्या आणि उभ्यानं शिवायला लागली. तिच्यामागं सगळ्या बायका उठल्या. मालक धावत आला. म्हणाला, "पुरुष कामासाठी उभे आहेत, तुम्ही हट्टानं उभ्या आहात."

ती मान वर न करता म्हणाली, "पिशवीला कळतं का ते?"

मी मात्र डोकं चालवलं. हा सगळा मालकाचाच डाव, अशी माझी खात्री होती. स्टुलावर बसलो. सगळी गाढवं उभी आणि एक शहाणा बसलेला.

परवा मॅडम आली. भत्त्याची हकिगत ऐकून घेतली, रांगेवरून नजर फिरवली आणि म्हणाली, उभ्या असलेल्या प्रत्येकाला द्या, नाहीतर पिशव्या तुमच्याकडेच ठेवा. मालकानं निमूट दिला. बसलेला मी एकटाच होतो.

असो. भाच्यांचे माझ्या वाटचे लाड कर.

तुझा धाकटा

ता. क. बायकोचा पगार आता माझ्यापेक्षा जास्त आहे. मी उभा राहतो म्हटलं, तर मालक म्हणतो विटा संपल्या. हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. तिनं हुकूम काढण्यात घाई केली, एवढंच तिच्या कानावर घाल.

आणखी एक ता. क. बायकोनं आईला आधीच फोन केला. आई म्हणे हुकूम बदलत नाही. या दोघींचं पहिल्यापासून ठरलेलं होतं, असा मला दाट संशय आहे. गावी सकाळी नळाला पाणी किती वाजता येतं, ते तेवढं कळव.