काचेवरचं गंध

२६ सप्टेंबर, शुक्रवार

टी-शर्ट आले! काळे कुळकुळीत. पाठीवर कंपनीचं नाव, खाली इंग्रजीत एक ओळ. अखिलाक्कांना विचारलं, काय लिहिलंय? म्हणाल्या, "पाणी आलें कीं कळेल." म्हटलं, मग तमिळमध्ये का नाही? पाणी तर शेतकऱ्याला पाहिजे! त्या हसल्या. "अरे बिरू, शर्ट परदेशी लोकांस, पेट्या गांवच्या लोकांस."

माझं कार्डही छापलंय. 'फील्ड ऑपरेशन्स हेड'. आठवी नापास, तालुका आटपाडी — आणि हेड! हाताखाली कोणी नाही. म्हणजे डोकंही मीच, शेपूटही मीच.

२७ सप्टेंबर

दिवसभर मोपेडवर. सगळ्या पेट्या तपासल्या. काम तसं सोपं — कालव्याच्या दारावर पेटी, पेटीला मधोमध गोल काच. समोरच्या भिंतीवर रंगाचे पट्टे मारलेत, काच त्यांच्याकडं बघत राहते. पाणी कुठल्या पट्ट्याला टेकलं त्याचा फोटो शेतकऱ्याच्या फोनवर. पाळी आली का बघायला सायकल मारत जायला नको.

हे सगळं अखिलाक्कांच्या डोक्यातून आलं. घरच्या पुढच्या खोलीत कंपनी. मी मागच्या खोलीत.

मामाचा फोन. कोइमतूरला सोनं गाळायचं नवं दुकान टाकतोय, ये म्हणाला. मला इथं आणलं त्यानंच. त्याच्या भट्टीच्या धुरात जीव घुसमटला म्हणून पळालो, मग बिर्याणीच्या गाडीवर, मग मंडपवाल्याकडं. कुठंच बूड टेकत नाही माझं! आता इथूनही पाय खाजायला लागलेत. अक्का पैसे लावणाऱ्यांसमोर पेट्या मांडणार आहेत ती परिषद झाली की येतो, म्हणून टाकलं. अक्कांना बोललो नाही.

वही खाटेवर उघडी राहिली तरी काळजी नाही. या घरात सगळे मराठी बोलतात, पण ही अक्षरं एकालाही वाचता येत नाहीत.

२८ सप्टेंबर, रविवार

जेवताना अक्का घरच्यांना स्पष्ट बोलल्या. परिषदेत निवड झाली तर कंपनी चालेल. नाही झाली तर दिवाळीनंतर बेंगळुरूची नोकरी धरणार आणि पेट्या बंद. त्यांची आई — कनकलताकाकू — माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुज रसम घालूं कां अजून?"

यांचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी इकडं आलेलं, म्हणून मराठी आपल्या खापरपणज्याच्या वेळची, वर तमिळचा हेल. पहिल्यांदा ऐकली तेव्हा वाटलं, कोणी पोथी वाचतंय. आता त्याशिवाय घास उतरत नाही.

२९ सप्टेंबर

तिरुवैयारुच्या पुढच्या दारावर गेलो. तिथं वासुकीअम्माचं शेत. पेटीवर शेळी अंग घासत होती आणि ही बाई बांधावर बसून मजा बघतेय!

"तंबी, पेटी कोणाची?" तंबी म्हणजे धाकटा भाऊ, इथं सगळेच म्हणतात.

"कंपनीची."

"मग शेळी कंपनीनं हाकावी."

म्हटलं, अम्मा, कंपनी-बिंपनी सोडा. तुमचीच समजा. घरच्या नांगरासारखी.

"असं होय?" म्हणाली, उठली, शेळी हाकलली.

जमलं की! मग दिवसभर प्रत्येक दारावर हेच सांगत गेलो. घरची समजा, घरची समजा. माझी तमिळ मोडकी, पण एवढं वाक्य पाठ झालं.

१ ऑक्टोबर

आज आयुधपूजा. काकूंनी लॅपटॉप, मोपेड, कॉफीचा फिल्टर, माझे पाने — सगळ्यांना चंदनाचं गंध लावलं, वर कुंकू. "आज पान्यास हात लावूं नकोस. आज आयुधें विसावतात."

पण परिषदेच्या हॉलवर आमच्या स्टॉलचा स्क्रू ढिला! चमच्याच्या टोकानं पिळला. घरी आल्यावर काकूंनी चमचा बघितला. तोही पूजेतला निघाला.

कॉलेजचा हॉल सुट्टी आहे म्हणून मिळाला. कुठले कुठले लोक! गळ्यात पट्टे, हातात थंड कॉफी. एक पोरगा एवढ्या उकाड्यात टोपीचा स्वेटर घालून घामाघूम. मला विचारलं, "यू फाउंडर?" मी कार्ड दिलं. त्यानं त्याचं दिलं. दोघांनी माना हलवल्या. मोठं काम झाल्यासारखं वाटलं.

२ ऑक्टोबर

काय लिहू.

प्रत्येकाला तीन मिनिटं, मग घंटी. अक्का काळ्या टी-शर्टवर मोत्याच्या कुड्या घालून उभ्या. फाडफाड बोलल्या. मला इंग्रजी कळत नाही, पण हॉल गप्प होऊन ऐकतोय एवढं कळतंय. मग म्हणाल्या — आता बघा, या क्षणी कालव्यात पाणी किती आहे!

पडद्यावर चौकोन उघडले. एका दाराचा एकेक.

सगळे पिवळे. मधोमध लाल ठिपका.

पाणी नाही, भिंत नाही, पट्टे नाहीत. मला आधी वाटलं पडदा बिघडला. मग उजेड पडला. गंध! गोल काच, बरोबर मधोमध, कपाळासारखी — गावागावांत बायांनी तिथंच चंदन लावलं, वर कुंकू!

परीक्षकांतल्या उंच गोऱ्या बाईंनी काहीतरी विचारलं. अक्कांनी पडद्याकडं बघितलं. एवढंच म्हणाल्या, "पूजा." हॉल हसला. वाईट हसला नाही, पण हसला. घंटी वाजली.

निवड ड्रोनवाल्यांची झाली. स्वेटरवाला पोरगा येऊन अक्कांना म्हणाला, रंगसंगती छान होती!

३ ऑक्टोबर

अक्कांना सांगितलं — माझ्यामुळं झालं. घरची समजा म्हणून मीच सगळ्यांना सांगत फिरलो.

अक्कांनी काळ्या टी-शर्टची घडी घातली. मग म्हणाल्या, "तें कांहीं खोटें नव्हे."

रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

४ ऑक्टोबर

"पेट्या काढून आण." एवढंच. पोतं माझ्या हातात दिलं आणि आत गेल्या. काकू दारात उभ्या. मला म्हणाल्या, "हळूच काढ रे. गंध लावलेल्या आहेत."

५ ऑक्टोबर, रविवार

आधी वासुकीअम्माच्या दारावर. पेटीची काच लखलखीत पुसलेली, गंध वर, पेटीच्या माथ्यावर. फोटो येईना म्हणून काल तिनंच पदरानं पुसली म्हणे. मी पाना काढला. तिनं माझं मनगटच धरलं!

"काय चाललंय?"

"काढतोय. परीक्षेत नापास झाली. कंपनी बंद."

"सून परीक्षेत नापास झाली तर तुमच्याकडं माहेरी धाडतात काय रे?" बांधावरच्या बाया खो-खो हसायला लागल्या. "तूच म्हणालास ना, घरची? पूजा झाली. आता ती दारावरून हलायची नाही."

म्हटलं, आत सिम आहे, ते कोण भरणार?

"टीव्हीचं कोण भरतं? आम्हीच ना? मग हिचंही भरू. आधी का नाही सांगितलं?"

खरंच, आधी कोणी सांगितलंच नव्हतं! अक्कांनी सगळ्या जगाला विचारलं — पैसे लावता का, पैसे लावता का. गावाला विचारायचं राहूनच गेलं.

पुढच्या दारावर तेच. त्याच्या पुढच्या दारावर तर म्हातारा काठी घेऊन उठला. पोतं रिकामंच. परत फिरलो तर वासुकीअम्मा रस्त्यात उभी. "चल, मी येते." मोपेडवर मागं बसली, पोतं मांडीवर घेऊन.

अक्का पुढच्या खोलीत लॅपटॉपचे खोके बांधत होत्या. अम्मानं रिकामं पोतं त्यांच्यासमोर झटकलं.

"ए पोरी, त्या साहेबांना भात लावायचा आहे का?"

"नाही."

"मग त्यांना पसंत पडून उपयोग काय? आणि काच अशी मधोमध ठेवशील तर कोणीही गंध लावणारच! कपाळ कुठं ते दाखवून दे, तिथं लावू. पलीकडच्या गावालाही एक पाहिजे."

अक्का हसायला लागल्या. मग डोळे पुसायला लागल्या. मग दोन्ही एकदमच. काकूंनी आतून कॉफी आणली. पहिला पेला वासुकीअम्माला, दुसरा मला. अक्कांना तिसरा!

७ ऑक्टोबर

अक्का दिवसभर कागदावर काहीतरी मांडतायत. बेंगळुरूचं काय, विचारायची हिंमत नाही. कोइमतूरसाठी भरलेली माझी बॅग खाटेखाली तशीच आहे. काकूंनी झाडताना बघितली. जेवताना फक्त वाढत राहिल्या.

९ ऑक्टोबर

अक्कांनी बेंगळुरूला नाही म्हणून कळवलं. मीही, कोइमतूरला मामाला.

पलीकडच्या गावात नवी पेटी बसवली. हिला काचेच्या वर एक पांढरी चकती रंगवलीय — गंधाची जागा. चंदनात बोट बुडवलं. पहिलं मीच लावलं.