माठातलं पाणी

बाई,

तुमच्या समुद्रफुलाबद्दल लिहायला बसलेय. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली आणि ते फूल मेलं त्याला पस्तीसच्या वर. एवढ्या उशिरा लिहिणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणाला असता ते मला पाठ आहे. जर्नल वेळेवर न देणाऱ्या मुलींना म्हणायचात तेच, "आता ठेव तुझ्याकडेच." ठेवणारच आहे. पण एकदा लिहून तरी होऊ दे.

बहात्तरचा दुष्काळ सरून तीन वर्षं झाली होती, तरी सोलापुरात आमच्या भागात नळ एक दिवसाआड येत होता. अशा गावात तुम्ही स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर समुद्र ठेवला होता. खिडकीजवळ, पण दुपारचं ऊन थेट पडणार नाही अशा बेतानं. काचेची टाकी, तिच्यात तुमच्या कोकणातल्या गावाहून एसटीच्या टपावरून आलेलं खारं पाणी, एक काळा खडक आणि त्या खडकाला घट्ट धरून बसलेलं ते हिरवट तपकिरी फूल; नावाला फूल, खरं तर प्राणी. कॉलेजच्या कपाटात आम्ही औषधाच्या बाटलीत आकसून गेलेला एक काळपट गोळा पाहिला होता आणि त्याचं लांबलचक नाव घोकलं होतं. तुमच्याकडे ते उघडलेलं पाहिलं तेव्हा मी चक्क म्हणाले की हे ते नव्हेच. तुम्ही हसलात आणि मला रोज संध्याकाळी यायला सांगितलंत. बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते मी, आणि प्राध्यापक बाईंच्या घरी जाते या गोष्टीचा मला भारी तोरा होता.

ओळखायचं कसं, हे तुम्ही मला पुस्तक न उघडता शिकवलंत. आधी बघायचं कुठं बसलंय, वाळूत की खडकावर. मग बुंध्यावर चामखिळी आहेत का, आणि असल्या तर त्यांना शिंपल्यांचा चुरा चिकटलाय का. रंगावर जायचं नाही, रंग फसवतो. तोंडाभोवतीच्या झिरमिळ्या मोजायला लावल्यात; चाळिशीच्या पुढं माझी मोजणी दरवेळी चुकायची आणि तुम्ही दरवेळी पहिल्यापासून मोजायला लावायचात. पाण्याचा खारटपणा तुम्ही दूधवाल्याकडून मागून आणलेल्या लॅक्टोमीटरनं बघायचात. ती काचेची नळी पंचविसाच्या खुणेवर तरंगली की समुद्र ठीक आहे. उन्हानं पाणी उडतं, मीठ उडत नाही, म्हणून जेवढं कमी होईल तेवढं गोड्या पाण्यानं भरायचं. टाकीच्या काचेवर चिकटपट्टी लावलेली असते, तिच्याखाली पाणी गेलं की कोपऱ्यातल्या माठातलं पाणी काचेच्या पेल्यानं, हळूहळू. वीज गेली की हवेच्या पंपाऐवजी सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडायची. आठवड्यातून दोनदा भिजवलेल्या सोड्याचा, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीचा, एक तुकडा चिमट्यानं भरवायचा. आमच्या लिंगायतांच्या घरात सात पिढ्यांत कुणी मासळीला हात लावला नव्हता. मी लावला, आणि घरी जाण्याआधी तुमच्या मोरीत राखेनं तीन-तीनदा हात घासले.

मे महिन्यात तुमची आई अत्यवस्थ असल्याची तार आली. तुम्ही पिशवी भरताय, मी दारात उभी आहे. किल्ली माझ्या हातात देता देता तुमचं लक्ष सारखं कट्ट्याकडे जातंय. तुम्ही म्हणालात, "मिटलं तर घाबरू नकोस गो, पोटातली घाण टाकताना ते मिटतं. खडकावरचा पाय सुटला तर मात्र घाबर." आणि मग, "पाणी माठातलंच घाल." का माठातलंच, ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि मीही विचारलं नाही. मला वाटलं, गार राहतं म्हणून.

सोलापूरचा मे महिना. रोज दोन बोटं पाणी उडत होतं. तिसऱ्या दिवशी माठाचा तळ लागला. नळ आला तो ब्लीचिंग पावडरीचा भपकारा घेऊन. ते पाणी माठात भरून भपकारा उडून जाईपर्यंत एक दिवस राहू द्यायला हवं होतं. एक दिवस थांबले असते तर काही बिघडलं नसतं, हे आज मी कुणालाही सांगेन. पण तेव्हा माझा जीव राहिना. आमच्या देवघराच्या कोपऱ्यात तांब्याची घागर असायची. अव्वा, माझी आजी, दर सोमवारी ती चिंच-मीठ लावून अशी घासायची की तिच्यात तोंड दिसावं. आजोबा दुसरं पाणी पीत नसत. आजाऱ्याला, बाळंतिणीला त्या घागरीतलंच पाणी. मी अव्वाला अडचण सांगितली तर ती म्हणाली, "फूल हाय का जनावर हाय ते? काय बी असू दे, पाव्हणंच हाय की. घागरीतलं ने. नळाचं नको."

मी नेलं. सोमवारच होता, घागर नुकती घासलेली. कळशीसुद्धा तांब्याचीच, वर ओला पंचा बांधून, भर उन्हात चालत. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही. खरं सांगायचं तर त्यात नुसती काळजी नव्हती. आमच्या घरचं पाणी तुमच्या माठापेक्षा शुद्ध आहे, हा ताठाही होता. बाईंच्या घरी मासळी शिजते, आमच्या घरचं पाणी म्हणजे काय! असलं काहीतरी मनात होतं, आणि ते आठवलं की अजून तोंड लपवावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मिटलं. तुम्ही घाबरू नको म्हणाला होतात, म्हणून मी घाबरले नाही. त्याच्या पुढच्या सकाळी झिरमिळ्या लुळ्या पडल्या होत्या, तोंड बाहेर उलटलं होतं आणि पाय सुटला होता. खडक रिकामा, आणि ते टाकीच्या कोपऱ्यात पंपाच्या हवेनं इकडून तिकडे हलत होतं. मी घाबरले. आणि घाबरून काय केलं, तर आजाऱ्याला पाजावं तसं आणखी दोन पेले घागरीतलं पाणी त्याच्यावर घातलं. दुपारपर्यंत पाणी गढूळ झालं, घरभर वास सुटला. मी एकटीच तुमच्या कट्ट्याशी उभी राहून खूप रडले.

आईचे दिवस करून तुम्ही आलात. हमालाच्या डोक्यावर दोन मोठे काचेचे बुधले, वेताच्या टोपलीत बसवलेले. तेराव्याच्या संध्याकाळी ओहोटीला खडकात जाऊन तुम्ही ताजं पाणी भरून आणलं होतं, त्याच्यासाठी. तोवर टाकी धुऊन पुसून मी कट्ट्यावर उपडी ठेवलेली. तुम्ही ती पाहिलीत, खाली बसलात, मला चहा ठेवायला सांगितलात. चहा पुढ्यात आल्यावर अगदी साध्या आवाजात विचारलंत, "पाणी कुठलं घातलंस?"

"माठातलंच," मी म्हणाले.

तांब्यानं काय होतं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तुमचं सांगणं मोडलं एवढंच ठाऊक होतं, आणि तेवढं खोटं बोलायला पुरलं. तुम्ही कप बाजूला सरकवलात आणि म्हणालात, "मग माझंच चुकलं. त्याला तिथून उचलायलाच नको होतं." आणि मग तुम्हाला रडू आलं. आईसाठीचं रडूही तुम्ही तोवर धरून ठेवलं असावं. मी तुमच्या समोर बसून चहा संपवला.

त्यानंतर तुम्ही दुसरं फूल आणलं नाहीत. कुणी विचारलं तर सांगायचात, माझ्या हौसेपायी एक जीव गेला. ते बुधल्यातलं पाणी तुम्ही गच्चीवर ॲल्युमिनियमच्या पराती मांडून उन्हात आटवलंत, आणि खाली राहिलेल्या मिठाची एक पुडी मला दिलीत. आमच्याकडचं मीठ, असं म्हणालात. मी ती पुडी अव्वाला दिली नाही. ती बरणीत अजून आहे, पावसाळ्यात तिला पाणी सुटतं.

पुढे एम. एस्सी.ला गेल्यावर ग्रंथालयात बसून मी वाचलं की समुद्रातल्या असल्या मऊ जिवांना तांब्याचा अंश सोसत नाही, आणि आंबटानं घासलेल्या भांड्यातून तो पाण्यात जास्त उतरतो. तुम्हाला हे माहीत होतं का, की कोकणातल्या सवयीनं माठ म्हणाला होतात, हे मला आजही कळत नाही. विचारता आलं असतं. दर दिवाळीला तुमचं पत्र यायचं, आणि मी चार-चार पानं उत्तर लिहायची. लग्न, नोकरी, मुलांची दुखणी, सगळं लिहिलं. हे सोडून.

आणि आता खरं लाजिरवाणं. मीही प्राणिशास्त्रच शिकवत आले. तांब्याच्या भांड्याची गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते, कारण ती ऐकली की मुली ते कधी विसरत नाहीत. पण मी ती अशी सांगत आले की आमच्या एक बाई होत्या, त्यांनी घागरीतलं पाणी घातलं. पहिल्या वर्षी कसं तोंडातून गेलं कुणास ठाऊक. मग तेच अंगवळणी पडून गेलं. पंचवीसेक वर्षं माझ्या वर्गात दरसाल तुमच्या हातून ते फूल मरत राहिलं.

परवा मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. दुधनीकडची आहे, फारसं बोलत नाही. म्हणाली, "मॅडम, त्या बाई तर समुद्राकडच्या होत्या की. त्यांना कसं काय कळलं नाही?"

मी म्हणाले, होतं एखाद्याचं. तास संपला. रात्री मला अन्न गोड लागलं नाही. काल वर्गात गेले, हजेरी घ्यायच्या आधीच सांगितलं की ती घागर आमच्या घरची होती आणि पाणी मी घातलं होतं, बाईंनी नव्हे. ती दुधनीची मुलगी मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत राहिली, बहुतेक माझी लाज राखायला.

पण बाई, तुम्ही मला विचारलं होतंत आणि मी तुमच्या तोंडावर खोटं बोलले, हे काल वर्गातही माझ्यानं सांगवलं नाही.