नवं नाक

सोमवार, ६ जानेवारी

आज काय काय झालं, ते क्रमाने:

१. सकाळच्या बसने थंडर बे शहरात पोहोचले. बाहेर उणे एकवीस.
२. गॉर्ड मॅकेल्वीच्या गॅरेजात हीटर-एसीची तंत्रज्ञ म्हणून रुजू झाले.
३. ओल्गाबाईंकडे वरची खोली मिळाली. त्यांच्या मिश्का नावाच्या म्हाताऱ्या कुत्र्याने माझे बूट हुंगले आणि तो माझ्या पायांवरच झोपला.
४. गॅरेजातल्या खुंटीवर माझा कामाचा अंगरखा तयार होता. खिशावर शिवलेलं नाव: आयली रांताला. कुणीही न विचारता बरोबर लिहिलेलं. हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं.

गॅरेज स्वच्छ आहे, हत्यारं जागच्या जागी आहेत, प्रकाश चांगला आहे. गॉर्ड साठीचा, पोट हलवत हसणारा. म्हणाला, ये पोरी, कॉलेजात शिकून आलीस, आता आम्ही तुला काय शिकवणार? डोनट खायला शिकवू. रेयो हा त्याचा जुना मेकॅनिक. माझं फिनिश आडनाव ऐकून त्याने विचारलं, वाफेची साउना अजून आहे का घरी, की शहरी झालात? मी सांगितलं, दर शनिवारी, डांबराच्या साबणासकट. तो म्हणाला, तरीच, तू दारातून आत यायच्या आधी तुझा साबण आला.

मागच्या कोपऱ्यात एक बाई झाडत होती. तिची ओळख कुणी करून दिली नाही. उद्या विचारेन.

बुधवार, ८ जानेवारी

पहिलं खरं काम मिळालं. ज्यांची गाडी दुरुस्तीला असते त्यांना वापरायला गॉर्ड एक करडी स्टेशन वॅगन देतो. त्याच्या वडिलांची गाडी. उणे चाळीसमध्येही पहिल्या किल्लीला सुरू होते, म्हणून तो ती विकत नाही. तक्रार एकच: हीटर लावला की हवेच्या जाळ्यांतून वास येतो. तीन गिऱ्हाइकांनी गाडी परत आणून दिली.

मी नेहमीच्या क्रमाने गेले. हवेचा फिल्टर बदलला. हवा फेकणारा ब्लोअर काढून पाहिला. उंदराचं घर नाही, लेंड्या नाहीत. पाणी निथळायची नळी मोकळी. एसीच्या कॉइलवर बुरशी नाही, तरी ती फेस मारून धुतली. मग सगळ्या काचा बंद करून जंतुनाशक धुराचा डबा आत फोडला आणि आतलीच हवा फिरवत ठेवली. वास जसाच्या तसा.

हा बुरशीचा वास नाही. ओली लोकर, संत्र्याची साल आणि त्याखाली न धुतलेल्या केसांचा वास. जिवंत वास आहे, सडका नाही.

रेयोला कसलाच वास येत नाही. या धंद्यात नाक लवकर मरतं, म्हणून वास तपासायला नेहमी नवा माणूस बसवतात. हे मलाही शिकवलं होतं. गॉर्ड म्हणाला, इथे तो मान शुक्रवारी असतो. नवं नाक गाडीत बसतं, दारं बाहेरून बंद, हीटर पूर्ण, हवा आतल्या आत. वासाचं नाव बरोबर सांगेपर्यंत सुटका नाही. ओळखलंस तर डोनट आमच्याकडून, नाही तर तुझ्याकडून. आणि रडायचं नाही हं, आधीची रडली होती.

झाडणाऱ्या बाईबद्दल विचारायचं राहिलं.

शुक्रवार, १० जानेवारी

जिंकले.

दोघंही काचेबाहेर उभे राहून नाक दाबून नकला करत होते. आत उकाडा होता. मी सवयीप्रमाणे सावकाश श्वास घेतले आणि वास वेगवेगळा करत गेले. मग सांगितलं: हा कुठल्या वस्तूचा वास नाही. एक बाई आहे. तरुण. संत्री खाते. लोकरीची टोपी घालते.

बाहेरचं हसणं थांबलं. त्याच क्षणी जाळ्यांमधून एक जोराचा झोत आला, थेट तोंडावर, आणि त्यानंतर फक्त गरम, कोरी हवा. गाडीला काहीही वास उरला नाही.

गॉर्डने दार उघडलं, पाठ थोपटली, म्हणाला, शाबास, आमच्याकडे असं नाक आलंच नव्हतं. रेयोने डोनटचा खोका माझ्यासमोर ठेवला. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

बुधवार, १५ जानेवारी

गाडी गिऱ्हाइकाकडे गेली, तक्रार नाही. फेसाचा परिणाम उशिरा झाला असावा. हा निष्कर्ष मला पटत नाही. वास हळूहळू ओसरतो, मिटवल्यासारखा जात नाही.

मिश्का आज माझ्यावर गुरगुरला. बूट पुढे केले तर हुंगून मागे सरकला आणि दाराकडे तोंड करून भुंकू लागला. घरात कुणी शिरलंय पण दिसत नाही, तसा. ओल्गाबाई म्हणाल्या, म्हातारा झालाय मेला, त्याचं नाक गेलं.

मी मनगट हुंगलं. काहीच नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

करड्या गाडीला पुन्हा वास. डांबराचा साबण.

मी गाडी आत घेतली. शटर बंद, किल्ली माझ्या खिशात, ब्लोअरची तारही काढलेली. जाळीसमोर पातळ कागद धरला. हवा वाहते का, हे पाहायची ही सगळ्यात साधी रीत. कागद जाळीला चिकटला. सुटला. पुन्हा चिकटला. मी माझा श्वास रोखला, तेव्हा कागदही थांबला.

तीनदा करून पाहिलं.

शुक्रवार, २४ जानेवारी

ओल्गाबाईंनी जेवणाचं एकच ताट मांडलं. मी समोर बसले होते. मी बोलल्यावर त्या दचकल्या, हसल्या, म्हणाल्या, अगं बाई, तू होय? मग स्वयंपाकघरात गेल्या आणि परत आल्याच नाहीत. दिवा मालवून झोपायला गेल्या.

मी मध्ये उभी असले तरी गॉर्ड थेट रेयोशीच बोलतो.

आज ती झाडणारी बाई पहिल्यांदा नीट दिसली. रोज तिथेच होती. माझ्याच वयाची, लोकरीची टोपी, हातात सोललेलं संत्रं. ती ते नाकाशी धरते, खाली घेते, पुन्हा धरते. तिच्या अंगरख्यावर नावाच्या जागी फक्त उसवलेल्या टाक्यांची भोकं.

सोमवार, २७ जानेवारी

रेयोचा हात धरला. बराच वेळ धरून ठेवला, तेव्हा त्याने पाहिलं. मी गाडीबद्दल विचारलं. त्याने सांगितलं, नट घट्ट करता करता, जणू तेल बदलण्याबद्दल सांगतोय.

त्या गाडीत कुणाचा तरी वास राहतोच. फिल्टर, कॉइल, धूर, सगळं करून झालंय. नवं माणूस बसून जुन्याला ओळखतं, तेव्हा जुनं बाहेर फेकलं जातं आणि गाडी नव्याला घेते. सिल्वी होती ती, संत्रीवाली. चांगली पोरगी. पूर्वी एक माणूस वर्षभर पुरायचं गं, तोवर वास नसायचा, हल्ली महिनाही जात नाही.

मी म्हटलं, मग गाडी मोडीत काढा. तो हसला. म्हणाला, आणि थंडीत गिऱ्हाईक चालत पाठवू? तू तर शिकलेली आहेस.

मग त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि गॉर्डला विचारलं, तू काही बोललास का?

बुधवार, २९ जानेवारी

घरी जायला बसला हात दाखवला. ड्रायव्हरने माझ्या तोंडावर दार लावलं. चिडून नाही — तिथे कुणी नव्हतंच, असं.

बहिणीला, हेल्मीला, फोन केला. ती हॅलो, हॅलो म्हणत राहिली. मी ओरडत होते. ती आईला म्हणाली, कुणी नाहीये, नुसता वारा ऐकू येतोय.

शुक्रवार, ३१ जानेवारी

सिल्वी बोलते. फार हळू. स्वतःचं नाव तिला माहीत नाही, रेयोने घेतलेलं मी तिला सांगितलं — तिने ते एकदा म्हणून पाहिलं आणि विसरली.

एवढंच तिला आठवतं: घरी आपलं न धुतलेलं काही असेल, तर ते छातीशी धरून राहावं. दुसरी कुणी गाडीत बसायच्या आत. मग आपण उरतो. तिच्या आईने सगळं धुऊन टाकलं होतं. लेक येणार म्हणून. घड्या घालून ठेवले होते कपडे.

माझ्या अंगरख्यावरचं नाव कुणीतरी उसवलंय.

सोमवार, ३ फेब्रुवारी

नवी मुलगी आली. हसरी. डोनट घेऊन आली. तिला माझीच खुंटी. मी तिच्या कानाशी सांगितलं, बसू नकोस. तिने कॉलर वर केली, म्हणाली, इथे गार वारा कुठून येतो हो? गॉर्ड पोट धरून हसला. म्हणाला, शुक्रवारी कळेल.

माझा आवाज पोहोचत नाही, पण लिहिलेलं पुसलं जात नाही. पत्र टाकते आहे. मजकूर इथेही उतरवून ठेवते —

हेल्मी,

शेडमध्ये माझे हॉकीचे हातमोजे आहेत. मागच्या मोसमापासून तसेच. आईला हात लावू देऊ नकोस. ती धुवायला काढेल. त्यांना अजून वास येतो का? तू म्हणायचीस, मेलेल्या उंदरासारखा येतो. तेवढं बघ.

पिशवीत घट्ट बांध आणि शुक्रवारी सकाळच्या बसने गॅरेजच्या पत्त्यावर पाठव. पत्ता पाकिटावर आहे. शुक्रवारी दुपारी इथली नवी मुलगी गाडीत बसेल. तिचं नाक चांगलं आहे. ती ओळखेल मला.

हे पत्र कुणाचं, असा प्रश्न पडला तर — शेडमध्ये जा. मोजे हुंग. आठवेल.

शुक्रवारपर्यंत उत्तर दे.

तुझी बहीण,

तुझी