सच्याच्या हौदाजवळची खोली

४ जाने., आइतवार

पुन्हा तिचंच! सच्या कॅनडातून, कॅलगरीहून व्हिडिओवर आला, पोरगा माझा, अन् अर्धा घंटा बोलला सासूचं. "आई, मृणालच्या आई साठीत पोहायला शिकल्या." शिकल्या तर शिकल्या. मी फुलंब्रीला आठ वर्षांची असताना पाठीला भोपळा बांधून विहिरीत उडी मारली, ते सच्यानं कधी विचारलं नाय.

त्याच्या मागल्या अंगणात पोहायचा हौद आहे. सहा महिने बर्फाखाली. आता हौदाजवळ खोली बांधायचीय. कपडे बदलायला, पाण्याची मोटार ठेवायला, अन् एक माणूस राहील एवढी. कोण माणूस ते नाय बोलला.

चार वर्षं झाली त्याला तिकडं जाऊन. विहीणबाई दोनदा जाऊन आल्या. मला म्हणतो, "थंडी लई आहे आई, तुझे गुडघे धरतील." त्यांना काय गुडघे नाहीत?

८ जाने.

फोनवर नकाशा आला. "आई, तूच बघ. साठ हजार डॉलरात बसंना." मालक, म्हणजे सच्याचे अण्णा, घरं बांधून देणारे गुत्तेदार, पण तीस वर्षं साइटवर उन्हात उभी मीच राह्यले. सिमेंटच्या गोण्या लिहिता लिहिताच हात वळला, नाय तर शाळा चौथीच. डॉलर रुपयात गुणले नाय.

खोली पार कुंपणाच्या कोपऱ्यात काढलेली. तिथली जमीन गोठून फुगती म्हणे, पाया चार फुटांच्या खाली न्यावा लागतो, नळ त्याहून खाली, नाय तर फुटतो. आपली काळी माती पाण्यानं फुगती, त्यांची बर्फानं. पाया दोन्हीकडं खोलच.

म्हणलं, एवढा लांब चर कामून खोदतो? खोली घराच्या भिंतीला आणून लाव. दोन न्हाण्या कशाला, एक कर. छत उतरतं ठेव, बर्फ खाली जाऊ दे. हौदाचा नळ उताराला काढ, थंडीआधी रिकामा करता येईल.

लई खूश झाला. "आई, तू इंजिनिअर व्हायला पायजे होती!"

मालक विचारत होते, आज हसती कामून.

११ जाने., आइतवार

नऊ हजार वाचले! तिकडच्या गुत्तेदारानं सगळं मान्य केलं. मी विचारलं, वाचलेल्याचं काय करतो? "बघू." मृणाल मागून बोलली, "आई, तुमच्यामुळं झालं हे." गोड बोलती पोरगी.

पेटीतून लोकर काढली. जाड मोजे विणायला घेतले, माझ्या मापाचे. मालकांना नाय सांगितलं कशाला ते.

१४ जाने., संक्रांत

तीळगूळ घेऊन औरंगपुऱ्यात विहीणबाईंकडं गेले. एकट्याच असतात, नवरा जाऊन सहा वर्षं. शाळेत बाई होत्या, घर अजून वर्गासारखं नीट. खुर्ची दिली, चहा दिला, अन् सहज म्हणल्या,

"अहो, मृणालनं ओट्याची उंची विचारली. छत्तीस इंच सांगितली मी. तुमच्याकडचा बुटका आहे ना, माझी पाठच धरते."

कुठला ओटा?

त्या खोलीतला. वाचलेल्या पैशात छोटा ओटा, शेगडी, भांडी घासायला सिंक. माझ्या नऊ हजारात!

माझा ओटा अठ्ठावीस इंचाचा. गवंड्याच्या डोक्यावर उभी राहून करून घेतलेला. छत्तीसवर भाकरी थापायची तर मला पायाखाली पाट घ्यावा लागंल.

चहा तसाच ठेवला. रिक्षात रडू आलं. रिक्षावाला म्हणतो, "क्या हुआ खाला?" म्हणलं, कुछ नाय, रस्ता देख.

१५ जाने.

मालकांना सांगितलं.

"तू काय त्या बर्फात पोहणार आहे? मग जळती कामून?"

जळते. व्हय, जळते.

"त्या बाईला कुणी नाय. तुला मी आहे."

खरं आहे. म्हणून तर जास्त राग येतो. बाई वाईट असती, टोमणे मारणारी असती, तर सोपं होतं. मारते कुठं? संक्रांतीला मलाच साडी दिली. रंग पण चांगला निघाला.

मोजा एकच झालाय. दुसरा घ्यायचं मन नाय.

१८ जाने., आइतवार

सच्याला सरळ विचारलं. खोलीत कोण राहणार?

"अगं आई, खोली सगळ्यांची आहे."

सगळ्यांच्या खोलीत ओटा एकीच्या मापाचा कसा?

म्हणला, "तुला इथं करमणार नाय."

विचारलंस का मला? चार वर्षांत एकदा?

"शुक्रवारी नकाशा पक्का करून द्यायचाय, आई. मग बोलू." बर्फ वितळला की काम सुरू, म्हणून घाई. पाया कसा घ्यायचा ते विचारायला वेळ होता, अन् आईला बोलवायचं की

जाऊ दे.

१९ जाने.

आज मेसेज केला. चारदा खोडला. पाठवला तो हा, इथं उतरवून ठेवते, उद्या मीच नाय म्हणायला नको:

"सच्या, शुक्रवारी नकाशा पक्का करणार तर त्याआधी सांग. मी अन् अण्णा तिकडं यायचं का नाय? यायचं तर कोणत्या महिन्यात? मृणालच्या आई राहू दे, त्यांना माझी ना नाय. पण मला थंडी सांगू नको, गुडघे सांगू नको, करमणार नाय हे तर बिलकुल सांगू नको. व्हय का नाय, एवढंच. मृणालला पुढं करू नको, तू बोल. गुरुवारपर्यंत."