पाणबुड्याचं घड्याळ

महागाव, रविवार संध्याकाळ.

डोकं फिरलं माह्यं. साठ वर्षं जुनं पाणबुड्याचं घड्याळ, अन् जावयानं आज ते बादलीत बुडवलं. व्याह्यांसमोर! "पाहा, पाण्यातही चालते," म्हणे. काचेच्या आतून वाफ धरली अन् काटे थांबले.

अरे, त्याच्या आतलं पाणी अडवणारं रबर कधीचंच वाळून गेलं हाय! तीन वर्षं शोधल्यावर हे घड्याळ भेटलं होतं. मी त्याले ओल्या हातानं कधी शिवलो नाही.

पण जावयाले बोलावं कसं? "होते असं, जावईबापू, वाळते ते," म्हणलो अन् ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली. काहून म्हणलो असं? वाढतानाही मले ती वाफच दिसून राह्यली होती.

पाहुणे गेल्यावर बायकोवर ओरडलो. ते म्हणे, "लग्नाच्या बैठकीत तुम्हीच त सांगतलं होतं, सहाशे फूट पाण्यात नेलं तरी त्याले काही होत नाही म्हणून."

सांगतलं होतं. छाती फुगवून सांगतलं होतं.

आत्ता पुन्हा पाहिलं. वाफ तशीच हाय. माह्यं घड्याळांचं बोलणं या घरात आजवर कोणीच कान देऊन ऐकलं नाही. ऐकलं ते त्या एका गाढवानंच.