आडवा उजेड

आई, आधी माझ्या हातांनी काय काय केलंय ते सांगतो. एक भाजलेला गाल. दोन कापलेले गळे. बुडून मेलेल्या बाईची फुगलेली बोटं, नखांसकट. कपाळावर पडलेली भेग, जिच्यात करंगळी जाईल असं वाटतं. सामान एवढंच: जिलेटिन, कापूस, रवा आणि खायचे रंग. शिकवायला कोणी नव्हतं. तू असतीस तर आधी म्हणाली असतीस, मेल्या, घरात हे काय अभद्र मांडलंयस. आणि मग पदराला हात पुसत जवळ येऊन नीट बघितलं असतंस, हेही मला माहीत आहे.

दिवसा मी डोंबिवलीच्या रंगाच्या कारखान्यात शेड, म्हणजे छटा, जुळवतो. सुट्टीच्या दिवशी कॉलेजांच्या एकांकिकांसाठी भुतं करतो आणि त्यांचे फोटो काढतो. भुतं पहिल्यापासून चांगली व्हायची, फोटो व्हायचे नाहीत. तुझ्या सुनेच्या गालावर मी भाजल्याची जखम केलेली, ती बघून विरजण मागायला आलेली शेजारीण वाटी घेऊन दारातूनच परत गेली. तोच गाल फोटोत पावाला जॅम लावल्यासारखा दिसत होता. सगळे म्हणायचे, कॉम्प्युटरवर टाक, हवी तेवढी खोल करून मिळते जखम. मला ते पटायचं नाही. जी जखम समोर खोल दिसते ती फोटोत सपाट झाली तर चूक जखमेची नाही, बघण्याची आहे. पण चूक नेमकी कुठे, हे काही केल्या सापडत नव्हतं.

सापडलं ते तुझ्यामुळे. कोपर स्टेशनजवळची आपली खोली, एकच खिडकी, आणि तिच्याशी तू परात घेऊन तांदूळ निवडत बसलेली. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. एके दिवशी निवडायचं काम माझ्याकडे होतं, आणि जेवताना बाबांच्या दाताखाली खडा आला. ते घास चावायचे थांबले. दुसऱ्या दिवशी मी परत खिडकीकडे तोंड करून बसलो, तर तू मागून येतेस, माझे दोन्ही खांदे धरतेस आणि मला अख्खा वळवून ठेवतेस. म्हणतेस, "समोरून उजेड घेतलास तर सगळं सारखंच पांढरं दिसतं. आडवा बस. खडा आपण होऊन दिसतो."

तसंच मी तुझ्या सुनेचे खांदे धरून तिला खिडकीशी आडवी बसवली. मोबाईलचा फ्लॅश बंद. ट्यूबलाइटही बंद, कारण तिच्या उजेडात रक्त तपकिरी पडतं. पलीकडच्या बाजूला थर्माकोलची पांढरी पाटी उभी केली, म्हणजे काळोखातला गाल अगदीच बुडू नये. जखमेच्या ओल्या भागावर ग्लिसरीनचा एकच थेंब. ती म्हणत होती, "अहो, आटपा, कूकर लावायचाय. आणि मला हसू आलं ना, तर गाल सुटेल." मी दोन पावलं मागे सरकलो, जखमेच्या कडेवर फोकस धरला आणि फोटो काढला. आई, रव्याचा कण न् कण उठून आला, प्रत्येकाला स्वतःची सावली. त्यावर मी फक्त फोटोच्या कडा कापल्या आणि उजेड केसभर वाढवला. तेव्हापासून एवढंच करतो, त्यापुढे बोट लावत नाही. कल्याणच्या एका कॉलेजात तो फोटो मोठा करून लावलेला, तिथे एका मुलाने विचारलं, काका, कुठलं सॉफ्टवेअर? मी म्हटलं, खिडकी.

तो फोटो बघूनच गेल्या महिन्यात ठाण्याहून एक जण आला. तिकडच्या मॉलमध्ये भुताचं घर उभं करणार आहेत, त्याच्या दारावर दोन माणसं उंच हाच गाल लावायचा म्हणाला, खाली माझं नाव. माझी छाती केवढी फुगली, तुला काय सांगू. मग त्याने मोबाईलवर त्याच फोटोचा, कॉम्प्युटरवर बदललेला नमुना दाखवला. तोंड कानापर्यंत फाडलेलं, आत दात बसवलेले. माझी खिडकी डावीकडे आणि दातांची चमक उजवीकडून. मी म्हटलं, हा दुसरा उजेड कुठून आला?

तो हसला. "दादा, एवढं कोण बघतंय?"

मला बाबांचा थांबलेला घास आठवला. मी म्हटलं, "जसा आहे तसा लावणार असाल तर फुकट न्या. दात घालून मिळणार नाही." त्याला ते कळलंच नाही. तो आकडा वाढवत गेला, मी चहा दिला आणि जिन्यापर्यंत सोडून आलो. तुझी सून तेव्हा आंबिवलीला माहेरी गेलेली. आल्यावर म्हणाली, बरं केलंत, माझं तोंड नाही फाडू दिलंत. आणि मग विचारलंच, किती देत होता?

म्हणून हे पत्र घरात कुणाच्या हाती लागू देणार नाही. चाळीस हजार देत होता, आई. तिला मी पंधरा सांगितलेत.