गिल्दाला या घरातून कोणी उठवू नये म्हणून

मी, युफ्रोसिना लाबाजो, वय सहासष्ट, अविवाहित, राहणार दिगोस शहर, मिंदानाओ, हे मृत्युपत्र माझ्या डाव्या हाताने लिहीत आहे. उजवा हात मला नाही. डोके ठिकाणावर आहे. हृदय तितकेसे नाही असे डॉक्टर म्हणतात, म्हणून उशीर करीत नाही. मला कोणी भरीस पाडलेले नाही. उलट घरातली माणसे ‘आत्ताच कशाला हे अभद्र’ म्हणत होती. यापूर्वी मी असा कोणताही लेख केलेला नाही.

माझे आईवडील हयात नाहीत, नवरा-मुले नाहीत. त्यामुळे माझी मिळकत मी कोणालाही देऊ शकते, हे वकीलबाई सोकोरो यांच्याकडून नीट समजून घेतले आहे. हे पत्र अमलात आणण्याचे कामही त्यांच्याकडेच सोपवीत आहे.

कलम पहिले. माझे राहते घर, खालच्या जमिनीसह, मी गिल्दा पाकान्या हिला देते.

कारण लिहिणे भाग आहे. मी आणि गिल्दा खोबऱ्याचा कीस करणाऱ्या कारखान्यात कामाला होतो. किसण्याच्या यंत्रावर लोखंडी झाकण असे. माल अडकला की ते उघडण्यात वेळ जातो, म्हणून वरून हुकूम आला आणि मुकादम देल्फिन ओर्तेगा याने ते काढून ठेवले. त्यानंतर थोड्याच दिवसांत यंत्राने माझा हात मनगटापासून नेला. इस्पितळातून घरी येते न येते तोच नोकरीवरून काढल्याचे पत्र आले: कामास अपात्र, व अपघात स्वतःच्या हलगर्जीमुळे. मी कामगार न्यायाधिकरणात दाद मागितली. तिथे देल्फिनने सांगितले की झाकण मीच काढले होते.

आमच्या रांगेतल्या सगळ्या बायकांनी पाहिले होते. बोलायला आली एकटी गिल्दा. निवाडा करणारे साहेब तिला म्हणाले, “बाई, तुम्ही अजून तिथेच कामाला आहात ना? विचार करून बोला.”

“विचार करूनच आलेय, साहेब,” ती म्हणाली. “झाकण देल्फिननं काढलं. पाना त्याच्या हातात मी दिला होता.”

लगेचच तिला कारखान्याच्या चाळीतली खोली सोडायला लावली. ती पत्र्याची पेटी घेऊन माझ्या दारात आली.

“मनांग, चार दिवस राहू का?” तिने विचारले. थोरल्या बहिणीला आमच्याकडे मनांग म्हणतात.

“आत ये. भात लावलाय,” मी म्हटले.

ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. मी काही न लिहिता गेले तर कायद्याने घर माझ्या भावाकडे जाते, आणि खरे बोलल्यापायी एकदा बाहेर पडलेली बाई दुसऱ्यांदा बाहेर पडेल. तसे होऊ नये. तिला घर मिळणार असल्याने तिने या पत्रावर साक्षीदार म्हणून सही करू नये, असे वकीलबाई म्हणाल्या. बरोबर आहे. साक्ष तिने एकदा दिलेली आहे.

कलम दुसरे. समुद्राकाठची माडांची जागा धाकटा भाऊ नेस्तोर याला.

नेस्तोर त्याच कारखान्याचा ट्रक चालवीत असे. मी खटला भरला तेव्हा तो म्हणाला, “मनांग, हात काय परत येणारे? ते देतायत ते घे आणि गप्प बस. माझ्या पोरांच्या तोंडचा घास काढू नकोस.” मी ऐकले नाही. पुढे कित्येक वर्षे मी समोरून दिसले की तो रस्ता ओलांडून जाई. वरच्या कोर्टाने कारखान्याचे शेवटचे अपील फेटाळले, त्या संध्याकाळी तो सुकी मासळी घेऊन आला, ती गिल्दाकडे दिली आणि जेवून गेला. झाल्या गोष्टीबद्दल त्यानेही काही काढले नाही, मीही नाही.

म्हणूनच घराचा विषय त्याच्याकडे काढायची मला धास्ती होती. गेल्या रविवारी चर्चमधून आल्यावर काढला.

“घर गिल्दाला द्यावं म्हणते.”

“कुठलं घर?”

“हेच. राहतं.”

तो उकडलेल्या शेंगा सोलत होता. “ते तिचंच आहे ना? मला वाटलं, तू केव्हाच लिहून दिलंस.”

“तुला राग नाही आला?”

“पाहिजे तर येऊ देतो. पण छप्पर गळतंय तुझं. मला कशाला ती भानगड?”

मी आत गेले आणि तोंडावर पाणी मारले. ज्या भांडणाची मी इतकी वर्षे तयारी करीत होते, ते झालेच नाही.

कलम तिसरे. माझी खोवणी नेस्तोरची बायको बेलेन हिला. माझा हात गेल्यावर ती म्हणाली होती, “आता हिला जन्मभर कोण भरवणार?” त्यानंतर माझ्या हातची नारळाच्या दुधातली खीर तिने किती वेळा मागून नेली, ते तिचे तिला ठाऊक.

कलम चौथे. बँकेतली शिल्लक वकीलबाईंच्या, कामगारांचे खटले लढवणाऱ्या संस्थेला. कारखान्यात जखमी झालेल्या वा काढून टाकलेल्या माणसांना सुनावणीला जाण्याचे बसभाडे त्यातून द्यावे. भाडे नाही म्हणून कोणाची तारीख चुकू नये.

माझी चुकली नाही, म्हणून मला परत कामावर घ्यावे लागले. लेबले चिकटवण्याच्या टेबलावर मी निवृत्त होईपर्यंत काम केले. पहिल्याच दिवशी मी मुद्दाम किसण्याच्या यंत्रांकडे गेले. प्रत्येकावर झाकण होते, बोल्टांनी पक्के बसवलेले. एक नवीन मुलगी तिथे काम करीत होती. ती म्हणाली, “इथं नका उभ्या राहू, कपडे खराब होतील.” ते झाकण कोणामुळे आले, तिला काहीच माहीत नव्हते. मला फार हलके वाटले.

कलम पाचवे. देल्फिन ओर्तेगा याला काही देत नाही. निवृत्तीनंतर तो एकदा येऊन माझ्या पायरीवर बसला. “तसं बोललो नसतो तर माझी नोकरी गेली असती,” म्हणाला. “गिल्दाची खोली गेली,” मी म्हटले, आणि त्याला कॉफी दिली. माफ केले का, ते विचारू नये. राग मात्र आता येत नाही. मला पुरण्याआधी लोक जागरणाला बसतील तेव्हा तो आला तर खुर्ची द्यावी. जागरणात पत्ते खेळतात, त्यांत त्याच्याबरोबर पैसे लावू नयेत.

कलम सहावे. जपमाळ माझ्या डाव्या हातात द्यावी. मयताची तयारी करणारी माणसे, दिसायला बरे म्हणून, रिकाम्या बाहीत कापूस भरलेला हातमोजा बसवतात. तो बसवू नये. पहिल्या सुनावणीला कारखान्याच्या वकिलांनी मला मनगट टेबलाखाली घ्यायला सांगितले, आणि मी घेतले. दुसऱ्या सुनावणीला मी ते टेबलावर ठेवले. तेव्हापासून झाकलेले नाही.

सर्व मजकूर मी स्वतः लिहिला आहे, पुन्हा वाचून पाहिला आहे, आणि तो मला मान्य आहे.

सही: युफ्रोसिना लाबाजो
स्थळ: दिगोस. तारीख: १४ सप्टेंबर २०२२

आम्हांसमोर लिहून सही केली. आमच्यापैकी कोणासही या पत्राने काही मिळत नाही:
१. नार्सिसो बुलावान, निवृत्त पोस्टमन
२. पर्पेतुआ गालोन, शेजारीण
३. एलेउतेरियो माग्बानुआ, शिंपी